सासूबाईंना कूलर चावला

आमच्या घरचा कूलर माझ्या सासूबाईंना चावला, त्या दिवसापर्यंत पळसबोडीत मी सभ्य माणूस म्हणून ओळखला जात होतो.

'चावला' हा शब्द माझा नाही. मी भूगोलाचा शिक्षक असलो तरी विजेचा धक्का बसतो, ती चावत नाही, एवढं मला ठाऊक आहे. शब्द सासूबाईंचा. गोकुळाबाईंनी उभा जन्म मुलचेऱ्याच्या बाजारात मासोळी विकली. बाजाराच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाशी भाव ठरवायची त्यांना सवय. त्यामुळे एप्रिलातल्या त्या दुपारी त्यांनी आमच्या बैठकीतून "अगा माय वं! जवाईबापू, तुमचा कूलर चावला मले!" अशी जी आरोळी ठोकली, ती गल्लीपुरती राहिली नाही. बसस्टँडच्या पानठेल्यावरच्या लोकांनी ती ऐकली आणि लगेच समोरच्या बसमध्ये चढवून दिली, असं मला नंतर कळलं.

बरं, त्यांना आग्रहानं बोलावलं होतं ते मीच. त्यांच्या घरावर टिनाचे पत्रे. एप्रिल लागला की ते घर म्हणजे भाकरी नसलेला तवा. मी मोठ्या ऐटीत फोन केला, "मामी, इकडे या. आमच्याकडे कूलर आहे." त्या आल्या, हातपाय धुतले, आणि एवढा वारा येतो तरी कुठून हे पाहायला ओला हात कूलरच्या जाळीवर ठेवला.

सुदैवानं हात झटकला गेला. सासूबाई मागच्या मागे गादीवर बसल्या. डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नव्हतं. दोन बांगड्या तेवढ्या फुटल्या. पण दवाखान्यातून परत येताना बायको माझ्याशी बोलत नव्हती. साधना रागावली की बोलते. घाबरली की गप्प होते. घरी आल्यावर तिनं कूलरची पिन उपसली आणि एवढंच म्हणाली, "आज हात सुटला. चिकटला असता तं?"

मी खाली बसून फुटलेल्या बांगड्यांच्या काचा वेचायला लागलो.

खरं सांगायचं तर आमच्या घरात वीज हा काही नवा पाहुणा नव्हता. घर वडिलांनी बांधलेलं, फिटिंग त्याच काळातली. भिंतीवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर वायरी, काळी गोल बटणं. अलीकडे फ्रिजला हात लावला की चुणचुणायचं. आम्ही त्यावर उपाय म्हणून फ्रिजजवळ एक रबरी चप्पल कायमची ठेवली होती. पाहुण्यांना पाणी हवं असलं की आम्ही म्हणायचो, "घ्या की, पण चप्पल घालून." देवघरात चप्पल काढायची आणि फ्रिजपुढे घालायची, असा आमच्या घरचा रिवाजच पडून गेला होता. माणसाला कशाचीही सवय होते. सासूबाईंना मात्र ती व्हायची होती.

साधनानं निकाल दिला. घराची सगळी वायरिंग नवी झाल्याशिवाय कूलर लागणार नाही. बाहेर ऊन असं होतं की कावळे नळाखाली बसून होते. मी म्हटलं, "आठवडाभरात करून टाकू." आता वाटतं, हे वाक्य मी जरा हळू बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंना भेटायला माणसं यायला लागली. गोकुळाबाई बाजेवर बसून हकिकत सांगत. पहिल्या दिवशी कूलरनं नुसता झटका दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं त्यांना फेकलं. तिसऱ्या दिवसापर्यंत कूलर त्यांना आत ओढून राह्यला होता आणि त्यांनी दाराची चौकट धरून जीव वाचवला होता. ऐकणाऱ्या बाया "होवं माय?" म्हणत आणि माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघत. मी चहा घेऊन गेलो की एकदम शांतता व्हायची. एका बाईनं तर कप हातात घेऊन आधी वास घेतला.

"मामी," मी एकदा हळूच म्हटलं, "तुम्ही सांगता तसं लोकांना भलतंच वाटतंय."

"मी खोटं सांगतो का जवाईबापू? चावला का नाई?"

"चावला. म्हणजे, धक्का बसला."

"मंग," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या पाहुणीकडे वळल्या.

आमचे शेजारी इस्तारीभाऊ वनखात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेले. त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. सागवान सोडून, कारण ते म्हणतात त्या विषयात खूप राजकारण आहे. ते कुंपणावरून वाकून म्हणाले, "मास्तर, वायरिंगच्या भानगडीत पडू नोका. आदी कूलर लाकडी पाटावर ठेवून पाहा. लाकडातून करंट जात नाई. मी जिंदगीभर लाकडातच काम केलं."

हे मला शास्त्रीय वाटलं. साधना अंगणात नळावर भांडी घासत होती. तिला न सांगता आम्ही दोघांनी कूलर उचलून पाटावर ठेवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. इस्तारीभाऊंनी पायात माझी रबरी चप्पल घातली, हातात टेस्टर घेतला, आणि देवाचं नाव घेऊन जाळीकडे सरकायला लागले. टेस्टर जाळीला टेकायच्या आत अंगणातून किंकाळी आली.

आम्ही धावलो. साधना नळापासून चार हात लांब उभी होती, पातेलं मोरीत घरंगळत होतं.

"नळ चावला," ती म्हणाली. सासूबाईंचा शब्द तिच्याही तोंडात बसला होता.

कूलर बैठकीत आणि नळ अंगणात. मी विचार करत होतो तेवढ्यात इस्तारीभाऊंनी निष्कर्ष काढूनही टाकला. "मास्तर, तुमच्या कूलरात काई नाई. पान्यातच करंट आला!" आणि मी अडवायच्या आत ते ही बातमी घेऊन गल्लीत गेले. त्या संध्याकाळी आमच्या वॉर्डात कोणी नळाला हात लावला नाही. बाया विहिरीवर गेल्या. नगरपंचायतीचा माणूस आला, त्यानं आमच्या नळाखाली काडीनं बादली सरकवली, काडीनंच तोटी फिरवली, पाणी बराच वेळ लांबूनच न्याहाळलं आणि म्हणाला, "पानी तं पान्यावानीच दिसते." कूलर तोवर बंद केलेला होता, म्हणून नळही गप्प होता. म्हणजे वॉर्डाला उगाच विहिरीवर पाठवल्याचं पापही माझ्याच माथी.

शेवटी मी बाबूभाईंना बोलावलं. खरं तर आधीच बोलवायला हवं होतं, पण बाबूभाईंना बोलावणं म्हणजे दिवस देणं. मोटार बांधण्यापासून लग्नाच्या लायटिंगपर्यंत सगळी कामं त्यांचीच. हात चालतात तेवढंच तोंड चालतं.

ते आले, बैठकीच्या मधोमध उभे राहिले आणि भिंतीवरून नजर फिरवली. मग कपाळावर हात मारला.

"या अल्ला! मास्तर, ही फिटिंग कोन्या कसायानं केली? अरे, ये कोई काम है? इधर की तार उधर, जोड पे जोड! ज्यानं केली त्याले बलावा, मले त्याचं तोंड पाहाचं हाय."

"बाबूभाई," साधना म्हणाली, "मामंजी सांगत होते, तुमीच केल्ती म्हनून."

बाबूभाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. बटणाकडे निरखून पाहिलं.

"तभी तो," ते म्हणाले, "इतकी वर्सं टिकली."

त्यानंतर त्यांचं त्या फिटिंगबद्दलचं मत खूपच सुधारलं. एकेक जोड ते जुन्या दोस्ताला भेटावं तसं पाहत गेले. फ्यूज उघडला तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. आत फ्यूजची बारीक तार असायला हवी, तिथं कुंपणाची जाड तार होती. ही इस्तारीभाऊंनी वडिलांना दिलेली भेट. तेव्हापासून आमचा फ्यूज कधी उडाला नव्हता आणि वडील त्याचं कौतुक करत. "घर जळलं असतं, पन फ्यूज नसता उडाला," बाबूभाई म्हणाले. कुंपणापलीकडे ऐकत उभे असलेले इस्तारीभाऊ बकरी बांधायला निघून गेले.

मग बाबूभाई एका मळकट हिरव्या तारेच्या मागे लागले. ती तार बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मोरीच्या भिंतीतून अंगणात गेली आणि थेट नळाच्या लोखंडी पाइपाला जाऊन बसली. बाबूभाई उकिडवे बसले आणि हसायला लागले.

"मिल गया. मास्तर, पह्यले नळ लोखंडाचा होता न, पार रस्त्यापासून? घरात कुठी करंट गळला तं थो या तारेनं नळात, नळातून जमिनीत. खतम. अर्थिंग आपली मस्त होती. आता रस्त्यात नवी पाइपलाइन टाकली, कायची?"

"प्लास्टिकची."

"तं मंग! जमिनीचा रस्ता बंद. उरला तो लोखंडाचा तुकडा सुक्या मातीत, त्याच्यानं काय होते? आता कूलरचा करंट येते, फ्रिजवर फिरते, नळावर जाते, अन् बसते. किसी के हाथ की राह देखते."

म्हणजे नळ बदलल्यापासून या घराची अर्थिंग आम्ही स्वतःच होतो. हे ऐकून साधना पायरीवर बसली. मलाही बसावंसं वाटलं, पण पायरी तापलेली होती.

ठरलं. सगळी वायरिंग नवी, पाइपातून. नवीन बोर्ड, त्यात आपोआप पडणारी बटणं, आणि त्यातलं एक असं की करंट जरा जरी भलतीकडे गेला तर ते पूर्ण घर बंद करतं. त्याबद्दल बोलताना बाबूभाईंचा आवाज हळवा होत असे. "हे बटन नाई मास्तर, चौकीदार हाय. माणूस मरायच्या आदी पडते." आणि अंगणात अर्थिंगचा खरा खड्डा. पण त्याआधी जुना मीटर ओसरीच्या गळक्या भिंतीवरून हलवायचा होता, आणि त्यासाठी वीज कार्यालयात अर्ज हवा होता.

पळसबोडीच्या वीज कार्यालयात एकच खिडकी आहे. खिडकीतल्या बाबूंनी संगणकात पाहिलं आणि विचारलं, "ग्राहक कुठी हाय?"

"मीटर वडिलांच्या नावावर आहे. ते वारले."

"मंग अर्जावर सही कोन करन?"

"मी. मुलगा."

"तुमच्या नावावर मीटर नाई."

"तर मग आधी नाव बदलून द्या."

"नाव बदलायले ग्राहकाची संमती लागते."

"अहो, ग्राहक वारलेत."

"थे समजलं." बाबू पुन्हा संगणकात डोकावले. "पन थे तं दर मयन्याले बिल भरून राह्यले. एकदाबी चुकले नाई."

"ते मी भरतो!"

"त्यांच्या नावानं?" बाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःचाच संशय आला. मेलेल्या माणसाच्या नावानं मी इतकी वर्षं गुपचूप बिल भरत होतो, हे खरंच होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांच्या डोक्यावरचा पंखा घरघरत थांबला आणि संगणकही मावळला.

"लाइन गेली," बाबू म्हणाले. "उद्या या."

उद्या गेलो, परवा गेलो. मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, बहिणीची संमती, बाबूभाईंच्या ओळखीच्या लायसनवाल्याचा शिक्का, असं करत करत शेवटी बाबूंचा माझ्या वडिलांच्या मरणावर विश्वास बसला. "चांगले ग्राहक होते," ते हळहळून म्हणाले. मीटर हलला.

घरात तोवर बाबूभाईंनी भिंतींना खाचा पाडायला घेतल्या होत्या. आमच्या भिंती विटा-मातीच्या, वरून गिलावा. मशीन लावलं की खाच पडायच्या ऐवजी गिलाव्याची पोळीच उतरायची. भारताचा मोठा नकाशा लावलेली भिंत तर दख्खनच्या पठारासकट खाली आली. संसार अंगणात आला. कडुनिंबाखाली चूल, कडुनिंबाखाली बाज, बाजेवर सासूबाई. त्यांना मी परत मुलचेऱ्याला पोचवून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "काऊन? कूलर सुदरल्याबिगर मी जात नाई."

आता उरला खड्डा. बाबूभाईंना तो माणूसभर खोल हवा होता, सावलीत, म्हणजे ओल राहते. सावली एकच, कडुनिंबाची. मजूर शोधायला निघालो तर गावात मजूर नाही. सगळे पहाटेच मोहाची फुलं वेचायला जंगलात. तेव्हा मीच सब्बल उचलली. सकाळी ऊन चढायच्या आत मी खणायचो. बाजेवरून सासूबाई देखरेख करायच्या.

"अजून खोल करा, जवाईबापू. एवढ्यात काय होते?"

कुंपणाबाहेरून जाणारा माणूस थांबायचा. माझ्याकडे, खड्ड्याकडे, खड्ड्याच्या काठावर बसलेल्या सासूबाईंकडे पाहायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. माझं तिकडे लक्ष नव्हतं. तळहाताला फोड आले होते आणि कंबर वाकली की सरळ व्हायला तयार नव्हती. बाबूभाईंनी सांगितल्याप्रमाणे मी किराणा दुकानातून खड्याच्या मिठाचं पोतं आणलं. दुकानदार म्हणाला, "एवढं मीठ कायले, सर?" मी घाईत होतो. म्हणालो, "खड्ड्यात टाकायला." मग लोहाराकडून कोळशाचं पोतं आणलं. त्यानंही विचारलं, त्यालाही मी तेच सांगितलं.

गावात दोन तट पडले, असं मला पुढे कळलं. एका तटाचं म्हणणं, मास्तरला गुप्तधनाचा पत्ता लागला आहे. दुसऱ्या तटाकडे जास्त पुरावा होता. कूलरनं काम झालं नाही. आता खड्डा, मीठ आणि कोळसा. म्हातारी बिचारी काठावर बसून बघते आहे, तिला काय कल्पना.

पोलीस पाटील पत्रूभाऊ आले तेव्हा मी खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेलो होतो. त्यांनी काठावर बसून तंबाखू मळली.

"खड्डा कायचा, सर?"

"अर्थिंगचा."

"असं. अन् मीठ?"

"मिठानं ओल धरून राहते."

"कोरसा?"

"त्यानंही. पूर्ण भरून वरून माती लोटायची. मग वर्षानुवर्षं बघावं लागत नाही."

पत्रूभाऊंची तंबाखू मळायची थांबली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई नेमक्या पाण्याला आत गेल्या होत्या. "गोकुळाबाई दिसून नाई राह्यल्या?"

"आहेत की. इथंच होत्या."

त्यांनी सावकाश वाकून खड्ड्याच्या तळाशी पाहिलं. माझ्या पायांखाली पाहिलं. त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला आणि माझ्या कानशिलाला जो धक्का बसला, तो कूलरच्या धक्क्यापेक्षा मोठा असावा. मी वीस वर्षं या गावातल्या पोरांना पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवतो आहे. पत्रूभाऊंचा मुलगा माझ्या वर्गात होता.

"पाटील," मी म्हटलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मले काई म्हनाचं नाई, सर. लोक म्हनून राह्यले."

इतक्यात सासूबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. पत्रूभाऊंनी त्यांना आपादमस्तक पाहून घेतलं, रामराम केला आणि सुटल्यासारखे निघून गेले. मी सब्बल टाकली आणि ओसरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. भिंतीला गिलावा नव्हता, त्यामुळे तिथंही मन रमेना. साधनानं जेवायला हाक मारली तरी उठलो नाही. कोणासाठी खणायचं?

बातमी मुलचेऱ्याच्या बाजारात पोचेपर्यंत तिच्यातले मधले शब्द गळून गेले होते. माझा मेहुणा सुकलू तळ्यातल्या मासोळीचा धंदा करतो. त्याला निरोप मिळाला तो असा: तुझ्या मायले करंट लागला, जवायानं खड्डा खनला. त्यानं फोन लावला. आमचे फोन वीज बंद असल्यामुळे मेलेले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मासोळीची पिकअप गाडी धूळ उडवत आमच्या दारात थांबली. पुढे सुकलू, मागे दहाबारा नातलग, बायांचे पदर डोळ्यांना. एकाच्या हातात काठीही होती.

सासूबाई जेवून बाजेवर आडव्या झाल्या होत्या. माश्या फार, म्हणून त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतली होती. शेजारी खड्डा.

सुकलूनं फाटकातूनच ते दृश्य पाहिलं. "मायऽऽ" असा त्यानं जो हंबरडा फोडला त्यावरून तो त्यांचाच मुलगा हे कोणीही सांगितलं असतं. तो धावत येऊन बाजेच्या पायथ्याशी कोसळला. मागून बायांनी सूर लावला. मी ओसरीतून उठून येईपर्यंत एक आत्या माझ्याकडे बोट दाखवून "यानं! यानं!" म्हणत होती.

चादर हलली. गोकुळाबाई उठून बसल्या.

अर्ध्या बाया परत गाडीकडे पळाल्या. काठीवाल्याच्या हातून काठी पडली.

"काऊन बोंबलून राह्यला बे?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला होता. अन् खाली हातानं आला का? मासोड्या कुठी हायेत?"

सुकलूनं मायचे हात धरून पाहिले, गाल धरून पाहिले. मग तो उठला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे रडून लाल, त्यामुळे राग जास्तच दिसत होता. "भाटवे," आमच्याकडे भाऊजींना म्हणतात तसं तो म्हणाला, "हे काय हाय? थो खड्डा कायचा?"

गेले दोन दिवस मनात साठवलेली सगळी वाक्यं मला बोलायची होती. माझ्या घराण्याची अब्रू, शिक्षकाची इज्जत, पर्जन्यछाया, सगळं. पण तोंडातून फक्त "अर्थिंग" एवढंच निघालं.

सासूबाई बाजेवरून उतरल्या. चालत माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. तळव्यावर फोड फुटले होते.

"पाहा," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा, आणि कुंपणावर आता इस्तारीभाऊंसह अर्धा वॉर्ड होता. "मास्तर मानूस हाय हा. कवा सब्बल धरली नोती. माह्यासाठी खनून राह्यला, का मले पुन्हा करंट लागू नये म्हनून. अन् तुमी लोक काय बोलून राह्यले? कोन बोललं? समोर या!"

कोणीच समोर आलं नाही. हे सगळं त्यांच्याच हकिकतींतून सुरू झालं होतं, हे सांगायचा मला मोह झाला, पण त्यांनी माझा हात अजून सोडला नव्हता, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला नीट दिसतही नव्हतं.

सुकलू खड्ड्याकडे गेला. आत वाकून पाहिलं. "भाटवे, अशानं पावसाळा लागन," म्हणून त्यानं शर्ट काढला. ही माणसं तळ्यातला गाळ उपसणारी. माझा जीव घ्यायला आलेल्या लोकांनी चहा व्हायच्या आत माझा खड्डा खणून दिला. ओली माती लागली. बाबूभाईंनी पाइप उभा केला, कोळसा-मिठाचे थर स्वतः उभं राहून टाकून घेतले, आणि काठीवाल्यानं त्याच काठीनं माती ठोकून बसवली.

चार दिवसांनी काम पुरं झालं. पाहुणे गेले नव्हते. झटका लागतो का नाही हे पाहूनच जायचं, असं ठरलं होतं. बाबूभाईंनी मेन चढवला. घर उजळलं. मी कूलरचं बटण दाबलं, आणि 'टक' करून घर बंद पडलं.

"घ्या," इस्तारीभाऊ म्हणाले. "म्हनून मी सांगून राह्यलो होतो."

बाबूभाई मात्र आनंदानं टाळ्या वाजवत होते. "देखा? चौकीदार! करंट गळला अन् पडला!" पुन्हा चढवलं, कूलर लावला, पुन्हा टक. बाकी सगळं चालत होतं. कूलर लावला की घर बसत होतं. शेवटी बाबूभाईंनी मेन बंद करून कूलरचं पोट उघडलं. पाणी चढवणारा छोटा पंप बाहेर काढला. त्याच्या वायरला तडा गेला होता आणि ती आतल्या पत्र्याला टेकून बसली होती. नवा पंप आणला, नवी वायर टाकली. बटण दाबलं. पंखा फिरला, पाणी चढलं, चौकीदार जागचा हलला नाही. बाबूभाईंनी टेस्टर लावून दाखवला. पण टेस्टरवर गावाचा विश्वास नव्हता. कोणीतरी हात लावायला हवा होता.

मी पुढे झालो. इज्जतीचा प्रश्न होता.

"तुमी नोका," सासूबाईंनी मला मागे ओढलं. "माह्या पोरीले नवरा एकच हाय. मी लावतो. मले एक डाव चावला, मी चिवट हाय."

"मामी, तुम्ही अजिबात नाही. घर माझं आहे."

"अन् मी परकी का?"

"भाटवे, मी लावतो," सुकलू म्हणाला.

"कोई भी लगाओ, कुछ नहीं होता," बाबूभाई म्हणाले.

"मंग तुमीच लावा," इस्तारीभाऊ म्हणाले, आणि बाबूभाईंचा अपमान झाला. त्यांचं इस्तारीभाऊंशी कुंपणाच्या तारेवरून सुरू झालं. मी सासूबाईंचा हात धरलेला, त्यांनी माझा. दोघंही एकमेकांना मागे ओढत होतो.

साधना स्वयंपाकघरातून आली. दिवसभर चुलीशी होती, कपाळावरून घाम निथळत होता. "सरका," म्हणून ती मधून गेली, ओल्या हातानं कूलरची जाळी दोन्हीकडून धरली आणि कूलर खिडकीपासून ओढून दाराकडे वळवला. मग जमिनीवर बसकण मारली, डोळे मिटले आणि वाऱ्याला तोंड दिलं.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

"चावला?" सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"काय चावला?" साधना डोळे न उघडता म्हणाली.

मग जो तो कूलरपुढे जागा धरायला धावला. आत्या, सुकलू, बाबूभाई, इस्तारीभाऊ, आणि चौकशीला म्हणून आलेले पत्रू पाटील अगदी पुढे. मी दारात उभा राहिलो. तिथपर्यंत वारा पोचत नव्हता. नुसता उघड्या विटांचा आणि नव्या वायरीचा वास येत होता.

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं.

"ओ पाटील," त्या म्हणाल्या, "उठा तिथून. माह्या जवायाले बसू द्या."

पत्रू पाटील उठले.